नाव न सांगितलेली गोळी

शिवांजलीची नजर हल्ली सारखी सासऱ्यांच्या खिशाकडे जायची. पांढऱ्या सदऱ्याचा डावा खिसा, तोंडाला सेफ्टीपिन लावलेला. आत काय असतं ते सगळ्या सास्तूरला ठाऊक होतं: एक शिट्टी, बोटाएवढी बॅटरी आणि प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेलं जिभेखालच्या गोळ्यांचं पाकीट. सासरे जेवायला बसले की ती वाढता वाढता खिशाकडे बघायची. आपल्याला दम लागला की आधी श्वास सावरायच्या ऐवजी खिशाकडे बघायची.

बब्रुवान, तिचे सासरे, सत्तरीला टेकलेले शेतकरी. भूकंपाच्या पहाटे त्यांचा धाकटा भाऊ शिवराज ढिगाऱ्याखाली गेला. बब्रुवान तिथं उभे राहून लोकांना विचारत राहिले, त्याची खोली नेमकी कुठल्या अंगाला होती. कुणी म्हणे इकडं, कुणी म्हणे तिकडं. उकरायला हात लागले तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून ते अंथरुणापाशी बॅटरी घेऊन झोपतात आणि संकटात कुणाला काही विचारत नाहीत. "आधी हात, मंग बात," असं त्यांचं म्हणणं.

पुढं त्यांच्या स्वतःच्याच हृदयात स्टेंट बसला. छातीत कळ आली तर ही जिभेखाली धरा म्हणून डॉक्टरांनी सॉर्बिट्रेटची गोळी दिली. त्यानंतर लोहाऱ्याच्या बाजारात एक बैलांचा व्यापारी छाती धरून खाली बसला. माणसं गोळा होऊन कोण, कुठला, काय झालं असं विचारत होती. बब्रुवाननी गर्दीत घुसून त्याचं तोंड उघडलं आणि गोळी ठेवली. माणूस वाचला. घरी येऊन पाया पडून गेला. त्या दिवसापासून ते गोळीवाले आबा झाले. मग कुणाला धाप लागो, पित्त होवो, कुणी भांडणात धसका घेवो, आबांची सेफ्टीपिन निघालीच. बहुतेकांचं त्या गोळीनं नुसतं डोकं ठणके. आबा म्हणत, "ठणकलं म्हंजी गुण आला."

कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण शिवांजलीचं बिघडलं असतं, आणि ते घरात तिच्याशिवाय आणि तिच्या नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

शिवांजली माहेरची तेरची. शिकण्यात हुशार म्हणून वडिलांनी तिला संभाजीनगरला ठेवून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करू दिलं. लग्नानंतर ती तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागली. मुलगी हर्षाली दहावी होऊन लातूरला शिकायला गेली, घर जरा शांत झालं आणि त्याच वर्षी तिला दम लागू लागला. आधी कॉलेजच्या जिन्यावर, मग घागर उचलताना, मग नुसतं मोठ्यानं शिकवताना. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या झाल्या. जंताचं औषध झालं. "काळजी करू नका," असंही एका डॉक्टरचं लिहून दिल्यासारखं सांगून झालं. शेवटी एक दिवस फळ्यावर आकृती काढता काढता ती खडूसकट खाली पडली, तेव्हा तिचा नवरा रणधीर तिला सोलापूरला घेऊन गेला.

फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आखडल्या होत्या. त्यांच्यातून रक्त ढकलताना हृदयाचा उजवा कप्पा थकत चालला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून शांतपणे समजावलं, एक गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हिचं नाव ऐकून दचकू नका."

शिवांजली नाव वाचून दचकली नाही. तिला ती गोळी शरीरात कुठं जाऊन बसते तेही माहीत होतं. एम.एस्सी.ला असताना तिनं त्याच विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, चित्र तक्त्यावर काढलं होतं. फॉस्फोडायएस्टरेज असं त्याचं लांबलचक नाव. पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा एक इवलासा रेणू तयार होतो. त्याच्यातला फॉस्फेट शेजारच्या साखरेला दोन ठिकाणी धरून असतो, म्हणून तिथं कडं तयार होतं. कडं शाबूत आहे तोवर रक्तवाहिनीच्या स्नायूंना सैल राहण्याचा निरोप मिळत राहतो. निरोप कधीतरी संपवावा लागतो, आणि ते काम या विकराचं. त्याच्या उत्प्रेरक भागात एक खोल खोबण असते. रेणूचा चपटा भाग तिथं दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला जातो. खोबणीच्या तळाशी जस्ताचा एक कण आणि मॅग्नेशियमचा एक कण, दोघं मिळून पाण्याचा एक कण धरून बसलेले असतात. तोच पाण्याचा कण फॉस्फेटवर चाल करतो. कडं एका बाजूनं तुटतं, रेणू सरळ होतो. बाकी सगळं जिथल्या तिथं, पण निरोप संपलेला.

तिला मिळालेली गोळी दिसायला त्या रेणूच्या चपट्या भागासारखी. ती खोबणीत जाऊन बसते आणि तुटत मात्र नाही. मग खरे रेणू बाहेर ताटकळतात, निरोप लांबतो, आखडलेल्या वाहिन्या थोड्या सैल पडतात. तक्त्यावर हे सगळं तिनं हिरव्या आणि लाल पेन्सिलीनं रंगवलं होतं आणि शिकवणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली होती. तेच चित्र एक दिवस आपल्या छातीत येऊन बसेल असं तिला कशाला वाटलं असतं?

डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या, "घरात हृदयाचं कुणी आहे का?"

"सासरे आहेत."

"त्यांच्या जिभेखालच्या गोळीपासून लांब राहायचं. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून सांगते. ती गोळी सायक्लिक जीएमपी जास्त तयार करायला लावते. तुमची गोळी त्याला तोडू देत नाही. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब एकदम कोसळेल. तुमच्या हृदयाला ते झेपणार नाही. घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा."

घरातल्या प्रत्येकाला सांगणं झालं नाही. कारण पहिल्याच महिन्यात रणधीर तालुक्याच्या औषध दुकानात चिठ्ठी घेऊन गेला. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, रणधीरकडे बघितलं आणि काउंटरवरच्या बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय रणधीरभाऊ, दिवसातून तीनदा? सोसंल का?"

काउंटरवर हशा पिकला. रणधीर साखर कारखान्याच्या शेती खात्यात नोकरीला. ऊसवाले शेतकरी त्याला भाऊसाहेब म्हणत. तो तसाच माघारी आला.

"इथून पुढं गोळी सोलापूरहून आणायची," तो म्हणाला. "घरात विचारलं तर फुप्फुसाची गोळी म्हणायचं."

"अहो, पण मामांना सांगायला पाहिजे. त्यांच्या खिशातली..."

"काय सांगतीस आबांना? का तुमची सून व्हायग्रा खाती?"

"फुप्फुसासाठी आहे ती."

"ते तुला माहीत, मला माहीत, डॉक्टरला माहीत. पारावर कोण तुझं पुस्तक घेऊन बसलंय? उद्या सगळे म्हणतील, रणधीरला लागते आणि नाव बायकोचं सांगतोय."

 खरं सांगायचं तर नवऱ्याच्या जोडीला शिवांजलीला स्वतःलाही लाज वाटत होती. मामांसमोर ती अजून डोक्यावर पदर घेत असे. त्यांच्याशी बोलायच्या विषयांना एक कुंपण होतं: चहा, पाऊस, हर्षालीचे मार्क, विहिरीची मोटर. त्या कुंपणापलीकडचा हा विषय कुठल्या तोंडानं काढायचा? तिनं ठरवलं, आपणच सांभाळून राहू. मामांच्या नजरेसमोर दम लागू द्यायचा नाही.

आणि मग ते सांभाळणंच तिचा जीव खाऊ लागलं. दारातून आत येण्याआधी ती अंगणात उभी राहून श्वास सावरायची. पायावर सूज दिसू नये म्हणून साडी खाली सोडून नेसायची. ओठ निळसर दिसले की थंडी वाजते म्हणायची. सासूबाई कडूबाई एकदा म्हणाल्याच, "उन्हाळ्यात बी थंडी वाजती का गं तुला?"

नवरात्रानंतर सगळी तुळजापूरला देवीला गेली. मंदिराच्या पायऱ्या उतरताना काही वाटलं नाही. दर्शन घेऊन वर येताना निम्म्या पायऱ्यांवर तिच्या डोळ्यांपुढं काळं आलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. मागून येणाऱ्या बब्रुवाननी ते बघितलं मात्र, सेफ्टीपिन उघडल्याचा आवाज तिनं ऐकला. एवढ्या गर्दीत, एवढ्या गलक्यात तो आवाज तिला कसा ऐकू आला कोण जाणे.

"जीभ वर कर," ते म्हणाले.

"पित्त आहे मामा. उपाशीपोटी चहा घेतला ना सकाळी."

"पित्ताला बी चालती."

"नको मामा! मला उलटी होईल. देवीच्या दारात नको."

देवीचं नाव निघालं म्हणून ते थांबले. पण घरी येईपर्यंत गाडीत मागं वळून वळून तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी सुनेवर लक्ष ठेवलं आणि सुनेनं त्यांच्या खिशावर. एका घरात दोघं एकमेकांना असं जपत होती, आणि त्यानंच तिला घास जात नव्हता.

माघ संपता संपता ज्वारीची काढणी झाली. शेतात कडब्याची गंजी लावायचं काम चाललं होतं. त्या रविवारी सकाळी तिला उठल्यापासून बरं वाटत नव्हतं. मामा न्हाणीत गेले होते. सदरा खुंटीला लटकत होता. आज यांच्यासमोर आपण पडणार, असं तिच्या मनानं घेतलं, आणि विचार करायच्या आधीच तिनं पिन काढून गोळ्यांचं पाकीट खिशातून काढलं, मुठीत लपवलं आणि पिन पुन्हा लावली. दुपारी कारखान्यावर रणधीरला फोन करू, आज काय ते सांगूनच टाकू. तोवर पाकीट आपल्याकडे राहील. मामा सदरा घालून, टोपी चढवून शेताला गेले.

तिला अर्धा दिवस तरी हलकं वाटायला हवं होतं. भाकरीचं पीठ मळता मळता कडूबाई बोलल्या, "आज ह्यांच्या छातीत जळजळतंय जनू. सकाळधरनं हात फिरवायलेत. म्या म्हनलं, घरी बसा, तर म्हनले, खिशात गोळी हाय की."

शिवांजलीच्या हातातला तांब्या खाली पडला.

"आत्या, मामांचा फोन?"

"त्यो काय, चार्जिंगला लावून गेलेत."

तिनं पाकीट घेतलं, स्कूटी काढली. कडूबाई मागून ओरडत होत्या, "अगं, कुठं चाललीस? न्याहारी तर कर!" ओढ्यापर्यंत रस्ता होता. पुढं बांधावरून पायी जायचं, आणि शेत चढावर. रोज बघितलेला तो चढ आज तिला भिंतीसारखा दिसला. ज्वारीची कापलेली धाटं पायाला टोचत होती. मामा तिथं छाती धरून पडले असतील, खिशात हात घालून चाचपत असतील, आणि खिसा रिकामा. तो आपण रिकामा केला. ती पळाली. तिला पळायची मनाई होती, जिने चढायची मनाई होती, पण तिच्या डोळ्यांपुढं तो रिकामा खिसा होता.

गंजी दिसली. गंजीवर उभे असलेले मामा दिसले, धडधाकट, पेंड्या झेलत. खालून पेंड्या फेकणारी मल्लम्मा दिसली, सीमेपलीकडून कामाला येणारी बाई. शिवांजलीला हसू आल्यासारखं झालं. मग छातीवर कुणीतरी दगड ठेवला आणि ती बांधावरच बसली, मग आडवी झाली.

"आबा, सून! सून पडली!" मल्लम्मा ओरडली.

बब्रुवान गंजीवरून घसरत खाली आले. त्यांनी तिचा हात धरला, मूठ उघडली. मुठीत गोळ्यांचं पाकीट. स्वतःला गोळी लागणार हे ओळखून पोर बिचारी पाकीट घेऊन आपल्याकडे पळत आली, असं त्यांना वाटलं. दुसरं काय वाटणार?

"कांदा फोडा आबा, नाकाला लावा," मल्लम्मा म्हणत होती.

"कांद्यानं काय व्हतंय! सरक तिकडं."

शिवांजलीला सगळं कळत होतं. गोळी पाकिटातून सुटताना चांदीचा कागद फाटल्याचं कळलं. मामांचा खरखरीत अंगठा ओठांवर आला, तंबाखूचा वास आला आणि जिभेखाली ती गोड-कडसर चव उतरली. तिला ओरडायचं होतं. तोंडातून आवाज येईना. तिनं जिभेनं गोळी ढकलली, तर मामांनी हनुवटी खालून दाबून धरली.

"गिळू नको पोरी. जिभंखाली धर. जरा दम खा, आत्ता बरं वाटंल."

एवढ्या मायेनं कुणी आजवर तिची हनुवटी धरली नव्हती. आणि तो हात तिला मारत होता. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून तिनं मान फिरवली आणि मामांच्या बोटाला कडकडून चावली.

"आईगं! चावली!" त्यांनी हात काढला. तिनं थुंकलं. अर्धी विरघळलेली पांढरी गोळी मातीत पडली. उरलेली अर्धी आत गेली होती. ती आता काय करणार हे तिला माहीत होतं. खोबण अडलेली, आणि वरून निरोपांवर निरोप येणार. काही मिनिटांत डोकं पोकळ झालं, कानात शीळ घुमायला लागली, आभाळ पांढरं पडत पडत लांब गेलं.

ट्रॉलीत कडबा अर्धा भरलेला होता. तिला त्यावरच आडवी टाकून ट्रॅक्टर गावातल्या दवाखान्यात आला. आडवी होती म्हणूनच थोडं रक्त डोक्यापर्यंत पोचत राहिलं. बब्रुवान ट्रॉलीत बसून तिचे तळवे चोळत होते आणि सारखे म्हणत होते, "गोळी दिलीया. काय व्हत न्हाय. गोळी दिलीया."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि यंत्राकडे बघत राहिले.

"म्या येळंवर गोळी दिली सायेब," बब्रुवान म्हणाले. "निम्मी थुकली तिनं. आनि येक दिऊ का?"

"थांबा. एका अर्ध्या गोळीनं एवढा दाब उतरत नाही. ह्यांना आणखी कुठलं औषध चालू आहे?"

तेवढ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलवर कडूबाई येऊन पोचल्या होत्या. "फुप्फुसाची गोळी हाय कसलीतरी."

"नाव?"

"ते काय आमाला..."

"कुणालाच माहीत नाही?"

शिवांजली हे सगळं विहिरीच्या तळातून ऐकावं तसं ऐकत होती. बोललं नाही तर मरू, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि तशातही तिला औषध दुकानातला हशा आठवला, रणधीरचा चेहरा आठवला, कॉटच्या पायथ्याशी मामा उभे आहेत हे आठवलं. डोक्यावर पदर नाही, हेही आठवलं. माणसाची लाज किती चिवट असते! मग तिनं ओठ हलवले. डॉक्टर वाकले.

"सिल्... डेनाफिल."

"कधी घेतलीत?"

"सकाळी."

डॉक्टर ताठ झाले. त्यांनी सिस्टरला हाक मारली, कॉटची पायाकडची बाजू उचलून खाली लाकडी ठोकळे लावायला सांगितले, सलाइन बेताबेतानं सोडायला सांगितलं. तिच्या हृदयाला एकदम भार नको होता. दाब वर आणणारं दुसरं औषध यंत्रावर थेंबाथेंबानं सुरू केलं. सोलापूरला फोन लावून डॉक्टरीणबाईंशी इंग्रजीत भराभर बोलले. मग वळून म्हणाले, "आजोबा, ती जिभेखालची गोळी ह्यांना पुन्हा कधीही द्यायची नाही. ह्यांच्या गोळीवर ती चालत नाही. सबंध गोळी अंगात गेली असती तर मी काही करू शकलो नसतो."

 बब्रुवान बाहेर जाऊन बाकावर बसले. त्यांना घाम फुटलेला बघून सिस्टरनं त्यांनाही आत घेतलं, छातीचा आलेख काढला. आलेखात काही निघालं नाही. सकाळची जळजळ शिळ्या मिरचीच्या ठेच्याची होती.

आत यंत्रावरचा आकडा वर चढे, खाली येई. कडूबाई त्या आकड्याकडे बघत तुळजाभवानीचं नाव घेत होत्या. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. सिस्टरच्या तोंडाकडे बघून त्या आकडा ओळखत. दुपार कलली तेव्हा सिस्टर पहिल्यांदा जरा सैल उभी राहिली. तेव्हा कडूबाई खाली बसल्या.

रणधीर कारखान्यावरून आला तेव्हा शिवांजली डोळे उघडे ठेवून पडली होती. बब्रुवान कॉटपाशी उभे होते. बोटाला तिच्या दातांची खूण होती.

"तुला ठावं व्हतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

रणधीर खाली बघत राहिला.

"बोल की. म्या तिच्या तोंडात काय घालाय लागलोय, त्ये तुला ठावं व्हतं?"

"आबा, ती गोळी... तिचं नाव तसलं आहे. लोक हसले असते."

"लोकं!" बब्रुवानचा आवाज चढला. "लाज तुजी, आन् जीव तिचा? आँ? आन् हात कुनाचा वापरायचा, तर ह्या म्हाताऱ्याचा!"

"मामा," शिवांजली म्हणाली. आवाज अगदी बारीक निघाला. "ह्यांना एकट्यांना बोलू नका. मीपण सांगितलं नाही. आणि तुमच्या खिशातलं पाकीट सकाळी मीच काढलं होतं."

"माझ्या खिशातनं?"

"मला भीती वाटायची तुमच्या खिशाची."

 ते स्टूल ओढून बसले, हे त्यांनी आजवर सुनेपाशी कधी केलं नव्हतं. "आता सांग. सगळं सांग. कसली हाय ती गोळी?"

तिनं आधी नाव सांगितलं, लोक म्हणतात ते. कडूबाईंनी तोंडावर पदर घेतला. रणधीर खिडकीतून बाहेर बघू लागला. मग तिनं वर्गात सांगायची ती भाषा सोडली आणि जरा विचार करून म्हणाली, "मामा, आपली कडबाकुट्टी आहे ना? तिच्या तोंडात पेंडी गेली की आत धरली जाते आणि पातं चालतं. शरीरात तसंच एक बारीक यंत्र असतं. ते पेंडीचे तुकडे करत नाही, फक्त तिची गाठ तोडतं. गाठ बांधलेली आहे तोवर रक्ताची नळी सैल राहते. गाठ तुटली की नळी पुन्हा आवळते."

"बरं."

"माझ्या फुप्फुसातल्या नळ्या फार आवळतात. म्हणून माझी गोळी त्या यंत्राच्या तोंडात जाऊन अडकून बसते. दिसते पेंडीसारखी, पण तिला गाठच नाही, तुटणार काय? लाकडाचा ओंडका अडकावा तशी."

"मंग खऱ्या पेंड्या बाहीरच ऱ्हात्यात."

"हो. थोड्या साठल्या तर मला बरं वाटतं. पण तुमची गोळी नवीन पेंड्या आणते. ट्रॉलीच्या ट्रॉली. यंत्राचं तोंड बंद, आणि..."

"गंजी ढासळती," बब्रुवान म्हणाले. "अंगावर."

त्यांनी बोटावरची दातांची खूण अंगठ्यानं चोळली. "तवा इचारत बसलो, म्हून शिवराज गेला. आन् आज इचारलं न्हाय, म्हून..."  कडूबाई उठल्या आणि उगीचच सलाइनची नळी सारखी करू लागल्या. सिस्टर ओरडली तशा गुमान परत बसल्या.

दुसऱ्या दिवशी भेटायला गाव आलं. घराशेजारचा शंभुलिंग, रणधीरच्या बरोबरीचा, आला. पारावरची तिघंचौघं आली. कुणी नारळपाणी आणलं, कुणी नुसता प्रश्न.

"काय झालं व्हतं आबा सूनबाईला?"

शिवांजलीनं चादर गळ्यापर्यंत ओढली. फुप्फुसाचा त्रास म्हणून सांगा, असं रणधीर डोळ्यांनी बापाला विनवत होता. बब्रुवान उठून उभे राहिले. पंचायतीत उभे राहावं तसे.

"तिला फुप्फुसासाटी व्हायग्राची गोळी चालू हाय. व्हय, तीच. हसायचं आसंल त्यानं आत्ता हसून घ्यावं. त्या गोळीवर माजी गोळी चालत न्हाय, मानूस मरतं. म्या इचारलं न्हाय आन् दिली. आता गावात कुनाला बी गोळी द्यायच्या आदी म्या इचारनार, तू काय काय खातूस. आन् खरं सांगायचं. बायकू जवळ आसली तरी सांगायचं."

कुणीतरी खाकरलं. एकाला हसू फुटणार होतं, ते आबांचा चेहरा बघून त्यानं खोकल्यात घालवलं. रणधीरचे कान लाल झाले होते, पण तो खोलीतून गेला नाही. तो कॉटपाशी आला आणि बायकोच्या उशाचा पाण्याचा पेला त्यानं उगीचच हलवून ठेवला. थोडा वेळ पावसाच्या, कडब्याच्या भावाच्या गोष्टी झाल्या आणि माणसं उठली.

जरा वेळानं दार पुन्हा वाजलं. शंभुलिंग एकटाच परत आला होता. रणधीर चहा आणायला गेला होता. बब्रुवान बाहेर सगळ्यांना पोचवत होते. शंभुलिंग दारातच चपलांकडे बघत उभा राहिला. मागच्या दिवाळीत त्याच्याही हृदयाचा आलेख बिघडला होता, हे गावाला माहीत होतं.

"काही राहिलं का दादा?" शिवांजलीनं विचारलं.

"न्हाय... म्हंजी, वैनी." त्यानं मागं वळून दार लोटलेलं आहे का बघितलं. "ती गोळी आन् आबांची गोळी... दोन्हीच्या मधी किती येळ गेला तर चालतंय?"

 शिवांजली कोपरावर उठून बसली, हाताला लावलेली सुई खेचली गेली तरी.

"तुम्ही घेता?"

त्यानं नजर चुकवली.

"दादा, इकडं बघा. कधी घेतली होती?"

"राती," तो पुटपुटला. "आन् सकाळपासनं छातीत जरा चमकतंय. म्हनून म्हनलं, आबांकडनं एक..."

"घेतलीत? आबांची?"

"अजून न्हाय. खिशात हाय. मगाशी मागून घेतली, घरात ठेवायला म्हनून. आबांनी इचारलं, काय खातूस, तर म्या काय बी न्हाय म्हनलो."

"खिशातून काढा ती. इथं स्टुलावर ठेवा." तिचा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. "आणि खाली बसा. उठायचं नाही. डॉक्टर आले की कालची गोळी आधी सांगायची, छातीचं मग. तुम्हाला लाज वाटली तर मी सांगते. सिस्टर! अहो सिस्टर, डॉक्टरांना बोलवा!"

शंभुलिंग खाली बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली गोळी काढली आणि स्टुलावर, नारळपाण्याशेजारी ठेवली.